पोचेवाल्याचा फोन

दादा गाड्यांचे पोचे काढायचा आणि त्याची धाकटी बहीण गारपिटीवर संशोधन करायची. त्यामुळे गारा पडल्या की घरात या दोघांचेच चेहरे खुलायचे. वहिनीच्या मते दोघंही एकाच माळेचे मणी.

बहिणीची अडचण साधी होती. ढगात गारा आहेत एवढं रडार सांगायचं. खाली येईपर्यंत त्या वाटाण्याएवढ्या राहतील की लिंबाएवढ्या, याबद्दल गप्प. म्हणून तिने चाळीस गच्च्यांवर थर्माकोलचे तक्ते ठेवले. खड्डा जेवढा मोठा, तेवढी गार मोठी. वर्षभरात तेरा तक्ते वाऱ्याने उडाले, नऊ लोकांनी सामान बांधायला वापरले आणि उरलेल्यांवर एक गार पडेल तर शपथ.

पडल्या त्या सगळ्या दादाच्या गॅरेजच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी अंगणात एकतीस गाड्या. ती मोजपट्टी घेऊन हजर.

"पट्टी कशाला?" दादाने एका बॉनेटवरून अंगठा फिरवला. "ही सुपारीएवढी. ही लिंबाएवढी, पण तिरकी आलेली."

"दादा, सुपारी हे माप नाही."

"मग तुझ्या मापात लिही."

तिने प्रयोगशाळेत बर्फाचे गोळे करून जुन्या पत्र्यावर डागले आणि पोचे त्याला दाखवले. साठांपैकी चोपन्न त्याने बरोबर ओळखले. उरलेल्या सहांत चूक पट्टीची होती, असं तो अजूनही म्हणतो.

पुढची दोन वर्षं गाडी कुठे उभी होती, गारा किती वाजता पडल्या, पोचा केवढा, सगळं तो वहीत लिहीत गेला. ते रडारशी ताडून पाहता पाहता कुठल्या भागात केवढी गार पडणार, हे तिला अर्धा तास आधी कळायला लागलं.

"म्हणजे लोक गाड्या झाकणार," दादा म्हणाला.

"हो."

"माझ्याच वहीमुळे."

"हो."

दादाने चहा संपवला. "एकदा पोचा आलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही, बये. कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही."

मग एका दुपारी तिच्या कार्यालयाने सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवला. तिने खिडकीतून पाहिलं, तर खाली एकही गाडी हलेना. तिने दादाला फोन लावला. "लिंबाएवढ्या. पंचवीस मिनिटांत."

"मला कशाला सांगतेस?" म्हणत त्याने फोन ठेवला आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून लावायला घेतला. "पोचेवाला बोलतोय. गाडी झाका. रजई, गादी, असेल ते टाका."

इशारा लोकांनी वाचून सोडून दिला होता. पण पोचेवालाच स्वतःच्या पोटावर पाय देतोय म्हटल्यावर ते धडाधड जिने उतरले. त्यांना बघून शेजारीही धावले.

गारा अकरा मिनिटं पडल्या. लिंबाएवढ्याच.

दुसऱ्या दिवशी अंगणात तीन गाड्या होत्या. बहीण पट्टी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

"वाईट वाटतंय, दादा?"

"वाटतंय. पुढच्या वेळी चाळीस मिनिटं आधी सांग. माझे सतराच फोन झाले."

रिकामी जागा बघून वहिनी कपड्यांची दोरी बांधत होती. घरच्या गाडीवर टाकलेल्या दोन रजया तिला धुवायच्या होत्या.