पाच तारखेला भरते म्हणाली

पेणजवळच्या हमरापूरच्या एका कारखान्यात नूतन गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवायची. नवरा गेल्यावर विम्याचे दोन लाख आले, ते तिने बँकेत ठेवले. पुतण्या हर्षद रोह्याच्या कंपनीत शिफ्टला होता. तो म्हणाला, "काकी, बँक काय देते? ही वेबसाइट बघ. आपले पैसे थोडे थोडे करून गरजूंना कर्जाऊ जातात. बारा टक्के सुटतात. रिझर्व्ह बँकेचं लायसन हाय."

"आणि बुडाले तर?"

"चारशे लोकांत वाटतात. सगळे कसे बुडतील?"

तिने दोन लाख तिथे टाकले. वर्षभर व्याज नीट आलं. मग नियम बदलले, हवे तेव्हा पैसे काढायची सोय बंद झाली आणि एकेका नावापुढे हप्ता थकल्याची लाल खूण दिसायला लागली. वेबसाइटच्या कंपनीने कळवलं, जोखीम पैसे देणाऱ्याची. कर्जदार फेडेल तेव्हाच पैसे मिळतील. करारात तसं लिहिलेलंच होतं. तो कुणी वाचला नव्हता.

त्या लाल नावांतलं एक नूतनच्या मनात राहिलं. संध्या वाळू वाघमारे, रोहा. कर्जाचं कारण, शिलाई मशीन. करारावर फोटो होता. विशीतली मुलगी, मान किंचित कलती, कुणी हाक मारल्यावर बघावं तशी बघणारी. खाली वसुलीवाल्याची नोंद होती, 'कर्जदाराशी बोलणं झालं. पाच तारखेला भरते म्हणाली.' पुढच्या महिन्यात तीच नोंद. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

नूतन मूर्तीचा डोळा रंगवायला बसली की तिला ती नजर दिसायची. दोनदा हात चुकला. दुसऱ्या दिवशी मालकाने तिला मुकुटांच्या रंगावर बसवलं.

एका सुट्टीच्या दिवशी ती हर्षदला घेऊन रोह्याला गेली. करारावरचा पत्ता गावाबाहेरच्या आदिवासी वाडीचा होता. टोकाच्या घरासमोर एक बाई सुकट निवडत बसली होती.

"संध्या वाघमारे इथेच राहते का?" नूतनने विचारलं.

बाईचा हात थांबला. "मी येसू. तिची आई. काय काम होतं?"

"तिने मशीनसाठी कर्ज घेतलंय. त्यात थोडे माझे पैसे हायत."

"कवा घेतलं?"

हर्षदने मोबाइलमध्ये बघून गेल्या वर्षीची तारीख सांगितली.

"तिला जाऊन दोन वर्षं झाली," येसू म्हणाली. "काविळीनं गेली. त्याच्या आधी एक माणूस आलता. मशीन मिळवून देतो म्हणून आधार कार्ड, फोटो, सगळं घेऊन गेला. मशीन काय आलं नाय."

हर्षदच्या तोंडून निघून गेलं, "पण मागच्याच महिन्यात फोनवर बोलली असं लिहिलंय. पाच तारखेला भरते म्हणाली."

येसू त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजून काय बोलली?"

भर दुपारी नूतनच्या अंगावर काटा आला. "तसं नाय गो बाय. कुणीतरी खोटंच लिहिलंय."

"व्हय," येसू म्हणाली. मग तिने विचारलं, "तो फोटो हाय का तुमच्याकडं? आमच्याकडं एक पन नाय."

नूतनने मोबाइल तिच्या हातात दिला. येसूने पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघितलं. त्याच दुपारी नूतनने रोह्यातल्या एका स्टुडिओतून तो फोटो मोठा करून आणला. येसूने तो दोन्ही हातांनी घेतला आणि ती आत गेली. ती परत बाहेर येईल म्हणून दोघं थांबली. ती आली नाही.

हर्षदने पोलिसांत तक्रार दिली, कंपनीला मेल केले. वर्षभरात निम्मे पैसे आले. बाकीचे येतील असं कुणी म्हणालं नाही. नूतनने हर्षदला त्यावरून एकदाही बोल लावला नाही. पण आता ती लाल यादी उघडली की तिला वाटायचं, यांतली माणसं किती आणि नुसती नावं किती? चारशेंत वाटलेले पैसे नेमके कुठल्या दारांवरून फिरताहेत?

यादीत जवळचं एक नाव होतं. गुणाजी, गागोदे बुद्रुक. सहा हप्ते थकलेले. एका सकाळी ती पेणहून एसटीने एकटीच तिथे गेली. विचारत विचारत घर सापडलं. दार उघडं होतं, आत अंधार. तिला हाक मारवेना. उंबऱ्याबाहेर ती तशीच उभी राहिली.

आत कुणीतरी खोकलं.

"कोन हाय?" म्हाताऱ्याचा आवाज आला. काठी टेकत गुणाजी दारात आले. "कुणाकडं आलीस गो?"

हे नुसतं नाव नव्हतं. नूतन ओट्यावर बसली. "पाणी द्याल का?" एवढंच म्हणाली.

त्यांनी तांब्या आणून दिला. पाणी पिऊन, पैशाचं काहीच न विचारता, ती एसटीच्या थांब्याकडे निघाली.