अख्खा कांदा

"आवाज वाढव की जरा. डास गुणगुणल्यासारखं येतंय," कॅप्टन म्हणाला.

ड्रमवाल्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि बँडचे पाचही जण त्याच्यावर वाकले होते. हॉटेलच्या मोठ्या हॉलमागे ही खोली होती. मोडक्या खुर्च्या, घड्या घातलेले टेबलक्लॉथ आणि हा बँड, असं रोज न लागणारं सामान हॉटेल तिथे ठेवायचं. रविवारी दुपारी चहाच्या वेळेला हॉलमध्ये वाजवायचं आणि बुधवारी या खोलीत सराव करायचा, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नेम. आज मात्र सराव बाजूला राहिला होता. एका कंपनीने सकाळीच नव्या डिजिटल कीबोर्डची घोषणा केली होती. तो दुकानात यायला अजून महिना होता, तरी ड्रमवाल्याला त्याचं वजनसुद्धा तोंडपाठ झालं होतं.

"अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. आणि आत चार हजार आवाज!"

"चार हजार?" टीचर म्हणाली. ती बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची आणि सकाळी शाळेत गाणं शिकवायची, म्हणून तिला सगळे टीचरच म्हणत. "मला वर्गातले चाळीस आवरत नाहीत."

"अख्खा बँड आहे यात," बँड चालवणारा कॅप्टन गिटारच्या तारा पुसत म्हणाला.

"म्हणजे ड्रमपण?"

"तू तर पहिल्याच बटणात आहेस. आणि तिथे तू वेळेवर येतोस."

सगळे हसले. बास वाजवणारा मौनी तेवढा हसला नाही, पण तो वर्षातून दोनदाच बोलायचा आणि हसण्याचा हिशेबही साधारण तसाच होता. लांबूही हसला, पण जरा उशिरा. तो मांडीवरच्या क्लॅरिनेटवर बोटं ठेवून बसला होता. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि सासष्टाव्या वर्षी थोडा वाकल्यावरही ते शोभत होतं.

हसण्यात सगळ्यांचा जीव नव्हता, याचं कारण सगळ्यांनाच माहीत होतं. हॉलमध्ये दोन टेबलं वाढवायची म्हणून हॉटेल स्टेज कापणार होतं, आणि पुढच्या महिन्यापासून त्यावर चारच खुर्च्या मावणार होत्या. कॅप्टनने ही बातमी गेल्या बुधवारी सांगितली होती. तेव्हापासून तो लांबूशी फक्त हवेबद्दल बोलत होता.

लांबूला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मात्र कोणालाच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "आता फुंकणं बंद करा. पुढे पायऱ्या चढायला तरी दम उरू दे." तो कागद त्याने क्लॅरिनेटच्या पेटीत, मखमलीच्या अस्तराखाली सरकवून ठेवला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की खरं होतं, अशी त्याची भाबडी समजूत.

"गप्प बसा, आता क्लॅरिनेट दाखवतायत," ड्रमवाला म्हणाला.

लांबूने मान वर केली नाही. यंत्रातल्या क्लॅरिनेट त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. सगळ्यांना सर्दी झालेली असायची.

पण ही वेगळी होती. फोनच्या एवढ्याशा तोंडातून लाकडाचा आवाज आला, खालून भरलेला, कडेला किंचित खरखरीत. वाजवणारा एक संथ चाल वाजवत होता. लांबूची बोटं आपोआप भोकांवर गेली आणि नेहमीच्या सवयीने त्याने छाती भरून घेतली. वाऱ्याचं वाद्य वाजवणारा माणूस दुसऱ्याचं वाजवणंसुद्धा स्वतःच्या छातीने ऐकतो. चाल वर गेली, वळली, खाली आली. आता थांबेल, म्हणून तो श्वास धरून थांबला. ती थांबली नाही. पुन्हा वर गेली. लांबूच्या कानात धमधम होऊ लागलं, खोलीच्या कडा दूर सरकल्या, टेबलक्लॉथच्या घड्या पांढऱ्या ढगांसारख्या तरंगू लागल्या, आणि ती चाल आपली चाललेलीच.

"हा श्वास कधी घेतो?" मौनीने विचारलं.

"अरे यंत्र आहे ते!" ड्रमवाला म्हणाला, आणि त्याच क्षणी लांबूला खोकल्याची अशी उबळ आली की तो खुर्चीतून अर्धा उठला. टीचरने पाठीवर हात फिरवला. कॅप्टनने घाईघाईने खिडकी उघडली आणि खिडकीशीच उभा राहिला.

"चहा घशात गेला," लांबू म्हणाला.

त्याचा कप काठोकाठ भरलेला होता. मौनीने तो पाहिला, उचलला, अर्धा स्वतः प्यायला आणि परत जागेवर ठेवला.

"पुन्हा लाव," लांबू म्हणाला. "मधला भाग."

या वेळी त्याने छाती रिकामीच ठेवली आणि फक्त कान दिला. खालच्या सप्तकातली पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, जेव्हा जेव्हा दाबली जात होती, तेव्हा तो सूर मध्येच किंचित फुगत होता. जरासा पुढे येत होता आणि मग शहाण्यासारखा जागेवर बसत होता. दर वेळी अगदी तसाच. लांबूच्या मानेवर काटा आला. त्याने क्लॅरिनेट पुसली, पेटीत ठेवली आणि तो घरी निघाला.

रस्त्यावर दुपार रेंगाळली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री झोपली होती. लांबू चालत होता, पण मनाने तो अकरा वर्षं मागच्या एका खोलीत होता. तिच्या भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या आणि स्वतःची पावलंसुद्धा ऐकू येत नव्हती. काचेपलीकडे कानांना हेडफोन लावलेला एक माणूस बसायचा आणि अंगठा वर करायचा. तीन दिवस लांबूने तिथे सुटे सूर वाजवले. एक सूर हळू, तोच मध्यम, तोच मोठा. मग पुढचा. 'सूर यंत्रात भरायचे आहेत' यापलीकडे त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. "तीन दिवस वाजवलं आणि एक गाणं नाही," असं त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली होती, "बरं झालं, मग तिथून कोणी तुमची चाल गुणगुणत बाहेर पडलं नसेल." दुसऱ्या दिवशी तो डबा विसरला आणि ती घेऊन आली. तो खालची पांढरी चार वाजवत असताना काचेपलीकडे अचानक तिचा चेहरा उगवला. तिने डबा वर करून दाखवला. सूर चालूच होता. हेडफोनवाला म्हणाला होता, "जरा हललाय, पण चालेल."

घरी बायको ओट्याशी कांदा चिरत होती. तिने मागे न बघता विचारलं, "आज लवकर?"

"अगं, एक ऐक." त्याने फोन तिच्याजवळ ठेवला.

तिची सुरी चालत राहिली. मग हळू झाली. मग थांबली.

"अहो, हे तुम्ही आहात," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून काय? चाळीस वर्षं या भिंतीपलीकडून तुमचे लांब सूर ऐकतेय, मला कळायचं नाही? आणि हा बघा, हा पोट पुढे काढून चालणारा. मी डबा घेऊन आले होते ना, त्या दिवशीचा." तिने हात पुसले. "पण हे तुम्ही आताचे नाही."

"म्हणजे?"

"पूर्वी तुम्ही सकाळी एक सूर धरलात की तो संपेपर्यंत माझा अख्खा कांदा चिरून व्हायचा. मी तर शर्यत लावायचे. दोन वर्षांपूर्वी पाऊण व्हायला लागला. आता अर्ध्यावरच थांबता तुम्ही, आणि मग कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नाही. तो गप्प वेळ मला आवडत नाही." तिने फोन त्याच्याकडे सरकवला. "पेटीतला कागद मी वाचलाय. अस्तर उसवलं होतं, शिवायला घेतलं तेव्हा."

लांबू स्टुलावर बसला.

"ओरडली नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते. मेलं तुमचं तोंड नळीशिवाय उघडतंय कशाला?" असं म्हणून ती पुन्हा कांद्याकडे वळली. तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि कांदा हाताशी असल्यामुळे त्याबद्दल कोणाला काही बोलावं लागलं नाही.

महिन्याने बँडने मागवलेला तो कीबोर्ड आला. एवढा मोठा खोका त्या खोलीत मावेना, म्हणून मोडक्या खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. ड्रमवाल्याने ड्रमचं बटण दाबून ऐकलं आणि "माझ्यापेक्षा वाईट आहे," असं सगळ्यांना तीनदा सांगितलं. टीचरने क्लॅरिनेट लावली आणि रविवारची नेहमीची संथ चाल वाजवायला घेतली.

आवाज सुरेख होता, पण कोणाच्याही तोंडून वाहवा निघेना. टीचर मध्येच थांबली.

"काहीतरी चुकतंय. सूर सगळे बरोबर आहेत, पण मलाच गुदमरल्यासारखं होतंय."

लांबू आपली खुर्ची ओढत तिच्या शेजारी जाऊन बसला.

"टीचर, हात उचला."

"कुठे?"

"मी बोट वर करीन तिथे. वाजवा."

ती वाजवू लागली. चौथ्या मात्रेनंतर त्याने बोट वर केलं आणि स्वतः श्वास घेतला. तिने हात उचलला. एवढीशी फट पडली आणि त्या फटीतून चालीत वारा आला. पुन्हा बोट, पुन्हा हात. मौनीने आपल्या बासला टेकून डोळे मिटले. शेवटची ओळ संपेपर्यंत लांबूने एकही सूर फुंकला नव्हता, आणि गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दम लागला नव्हता.

"आता झालं," टीचर हळूच म्हणाली. मग तिने एक पट्टी पुन्हा दाबली. "फक्त ही पांढरी चार जरा सुजल्यासारखी वाटते, नाही? यात एकेक सूर दुरुस्त करता येतो. थांबा, सरळ करते."

"राहू दे," लांबू म्हणाला.

"अहो काका, दोन बटणांचं काम आहे."

"राहू दे म्हणतो ना. बायको डबा घेऊन आली होती."

टीचरने त्याच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग त्याच्या बोटांकडे. शाळेत चाळीस मुलांचे चेहरे वाचणारी बाई ती. तिने तीच पट्टी पुन्हा एकदा दाबली, सूर फुगून जागेवर बसेपर्यंत धरून ठेवली, आणि बटणांवरचा हात काढून घेतला.

"कॅप्टन," लांबू उठत म्हणाला, "चार खुर्च्यांचं उगाच मनाला लावून घेऊ नकोस. माझी काढ."

कॅप्टनचं गिटार पुसणं थांबलं. "लांबू, मी म्हणणार नव्हतो."

"माहीत आहे. म्हणून तर महिनाभर मला ऊन किती पडलंय ते सांगतोयस."

कॅप्टनला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. त्याने लांबूचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मौनी पुढे आला आणि म्हणाला, "रविवारी समोर बसा. आम्हाला दिसाल असे." त्या वर्षीचं त्याचं हे दुसरं बोलणं.

रविवारी हॉल भरलेला होता. उंच खिडक्यांमधून ऊन तिरकं येत होतं, चहाच्या किटल्यांवर वाफ तरळत होती, आणि कापलेल्या स्टेजवर चार खुर्च्या अगदी बेताने मावल्या होत्या. त्यांच्यासमोरच्या पहिल्या टेबलाशी लांबू बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. शेजारी बायको. क्लॅरिनेटची पेटी तो सवयीने घेऊन आला होता, ती तिसऱ्या खुर्चीवर होती. वेटरने ती खुर्ची मागितली तेव्हा बायको म्हणाली, "कोणीतरी बसलंय."

टीचरने ती संथ चाल सुरू केली. लोक बशा वाजवत होते, बोलत होते, नेहमीसारखेच अर्ध्या कानाने ऐकत होते. त्यांच्यापैकी कोणाला कळलं नाही की प्रत्येक ओळ संपता संपता ती बाई पहिल्या टेबलाकडे बघते. तिथे एक म्हातारा टेबलावरून बोट जरासं वर करतो, छाती भरून घेतो, आणि मगच तिचा हात उठतो.

चाल शेवटाला आली. खालची पांढरी चार. टीचरने ती दाबली आणि धरली. सूर लाकडातून निघाल्यासारखा आला, मध्येच जरा पुढे सरकला, जणू काचेपलीकडे कोणी दिसलं, आणि मग शांत, भरलेला, सरळ चालत राहिला. लांबूच्या आताच्या छातीत मावला नसता इतका लांब. अकरा वर्षांपूर्वीचा त्याचा श्वास त्या हॉलभर पसरला होता आणि कोणी केकला सुरी लावत होतं, कोणी साखर मागत होतं. लांबूला वाटलं, आपण कुठेतरी खूप दूर उभे आहोत आणि तिथून आपल्यालाच कोणी हाक मारतंय.

बायकोचा उजवा हात टेबलावर होता. तिची बोटं टेबलक्लॉथवर बारीक बारीक, एका लयीत, कधीपासून चालली होती. मग ती थांबली.

"अख्खा कांदा," ती पुटपुटली.

लांबूने तिच्याकडे पाहिलं नाही. समोर टीचर पट्टी धरून त्याच्या बोटाची वाट बघत होती. त्याने आणखी थोडा वेळ तिला थांबवलं. मग बोट वर केलं, श्वास घेतला, आणि तिने हात उचलला.