ताडपत्रीची मशीन

शिवण सोसायटीसाठी मशीन निवडायला मी आणि मनकर्णा बीडला गेलो. दुकानदार मोटारीच्या मशीनवर पातळ कापड शिवून दाखवत बसला. आम्ही काय साड्यांना फॉल लावणार होतो? मी पिशवीतली जुनी ताडपत्री काढून चार पदरी घडी त्याच्यापुढं टाकली. मशीनने ती न अडता शिवली.

मनकर्णा म्हणाली, "हाताने फिरवायची दाखवा."

"कावून? गावात लाईट न्हाई का?"

"गावात हाय. पण औंदा पाऊस न्हाई, सगळं गाव ऊसतोडीला चाललंय. फडावर लाईट न्हाई, अन् ऱ्हायच्या कोप्यांवरच्या ताडपत्र्या तिथंच फाटत्यात."

हाताची मशीनही चार पदर शिवून गेली. मनकर्णाने ती डोक्यावर घेऊन दुकानात चक्कर मारली.

दुरुस्तीसाठी दुकानदाराने पत्ता विचारला.

मी म्हणाले, "दिवाळीपर्यंत मांजरसुंबा. मग ऊस असंल तिथं."