सिफाच्या आईचं ओळखपत्रावरचं नाव

जबाली कोर्टच्या फाटकावरची वही क्यालोला राहायला आल्यापासून सलत होती. दोरीला बांधलेलं पेन, आखलेले रकाने, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, फोन, कोणाकडे आला, किती वाजता. वही स्टुलावर दिवसभर उघडी पडलेली असे. पाव विकणारासुद्धा उभ्या उभ्या पानं चाळायचा.

क्यालो घरी बसून सॉफ्टवेअर लिहीत असे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली होती आणि फोनवर स्वतःचा फोटो ठेवला नव्हता. नैरोबीत कुठल्याही इमारतीत जाताना तो अशा वहीत आपल्या वारलेल्या चुलत्याचं नाव लिही आणि फोनचे शेवटचे दोन आकडे बदली. बहुतेक सगळे असंच काहीतरी लिहितात, हे त्याला ठाऊक होतं. त्यावर त्याने कधी विचार केला नव्हता.

तीन महिन्यांत चार गॅस सिलिंडर चोरीला गेले तेव्हा समितीने वही तपासली. त्या आठवड्यातल्या बावीस नंबरांपैकी सतरा लागलेच नाहीत. एक लागला तो एलडोरेटच्या एका पाद्रींना. त्यांनी जबाली कोर्टचं नावही ऐकलं नव्हतं.

"ही वही आहे की गोष्टींचं पुस्तक?" मॅडम गथोनी म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि समितीच्या अध्यक्षही. "क्यालो, दिवसभर टकटक करत असतोस. आमच्यासाठी जरा टकटक कर."

पाच आठवड्यांत त्याने फाटकावर एक टॅबलेट बसवला. पाहुण्याने आपलं नाव आणि नंबर टाकायचा, फोनवर आकडे येतील, ते परत टाकायचे. म्हणजे नंबर खोटा असूच शकत नाही. मग ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव. दोन अक्षरं दाबली की पुढचं नाव आणि घराचा क्रमांक आपोआप येई, कारण वॉचमन शिकुकूंना चष्मा लावूनही अक्षरं लागत नसत. शिकुकू साठीचे होते आणि सगळे त्यांना म्झे म्हणत, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. शेवटी भाडेकरूच्या फोनवर विचारणा जाई: आत सोडू का? पाहुण्यांच्या सगळ्या नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जात. या पुसण्याचा क्यालोला सर्वांत जास्त अभिमान होता.

भाडेकरूंची नावं भरायला तो घरोघर फिरला. सी-सातमध्ये एक बाई शाळेचे गणवेश शिवत असे. मुलीचं नाव सिफा, म्हणून ती सगळ्यांना सिफाची आई. दोन वर्षांत तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

"सिफाची आईच लिही की," ती शिलाई न थांबवता म्हणाली.

"ओळखपत्रावरचं नाव लागतं."

"कोणाला लागतं?"

"प्रोग्रामला."

"त्याला माझ्याशी काय बोलायचंय?"

क्यालो हसला. मग त्याने तिला समजावलं: वही सगळ्या गावाला दिसते, हे कोणाला दिसत नाही. माहिती खरी असली की तिचं रक्षण करता येतं, खोटीचं काय करणार? तिने मशीन थांबवलं, कपाटातून ओळखपत्र काढलं आणि तो टाइप करत असताना ते स्वतःच्या हातातच धरून ठेवलं. अपोंडी अवुओर.

शनिवारी साडेतीनच्या सुमारास तिने क्यालोचं दार ठोठावलं. एका हातात सिफा, दुसऱ्यात फोन. स्क्रीनवर लिहिलं होतं: ओडेरो ओकेच फाटकावर आहेत. आत सोडू का?

"हा मुलीचा बाप," ती म्हणाली. "याने माझा हात दोन ठिकाणी मोडला होता. मुलीचं जुनं नावसुद्धा मी तिथेच टाकून आले. याला कोणी सांगितलं, मी इथे राहते?"

त्यांना घरात बसवून क्यालोने बाहेरून कुलूप लावलं आणि जिना उतरला.

फाटकाशी एक उंच, नीटनेटका माणूस टॅबलेटवर बोट ठेवून उभा होता. म्झे शिकुकू चहात मंदाझीचा तळलेला तुकडा बुडवत होते.

"दर फाटकावर विचारत आलो. इथे अ, प, एवढंच दाबलं मी," ओडेरो म्हणत होता. "लगेच आलं. अपोंडी, सी-सात. आणि तुम्ही म्हणता, इथे अशी कोणी नाही."

"नाहीच. होती. किटालेला गेली, बहिणीकडे."

"तिला बहीण नाही."

"मग बहीण मानलेली असेल. मी काय पोचवायला गेलो होतो?"

ओडेरो क्यालोकडे वळला. "तू कोण?"

"हे मी बनवलंय."

"मग तूच सांग, भाऊ. हे खरं बोलतंय की हे म्हातारबुवा?"

हे यंत्र खोटं बोलत नाही, असं क्यालो गेले दोन महिने चाळीस दारांत उभा राहून सांगत आला होता.

"चुकलंय ते," तो म्हणाला. "जुनी नोंद आहे. काढायची राहिली."

"म्हणजे ती गेली?"

"गेली."

"कुठे?"

"मोम्बासाला."

म्झेंनी डोळे मिटले. ओडेरोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फाटकाच्या दांडीला हात घातला.

तेवढ्यात मॅडम गथोनी सुकुमाच्या भाजीची जुडी घेऊन बाजारातून आल्या. फाटकाशी काय चाललंय ते त्यांनी एकदा ऐकून घेतलं.

"सी-सात?" त्या म्हणाल्या. "तिथे माझा पुतण्या आहे. क्षय झालाय त्याला, खोकून खोकून हैराण. भेटायचंय? त्याने हो म्हटलं की जा. आमच्याकडे नियम आहे."

"तुम्ही सगळे खोटारडे आहात."

"असू. पण दांडी सोड. खिळखिळी झालीये ती आधीच."

ओडेरो समोरच्या टपरीपाशी सोड्याच्या खोक्यावर जाऊन बसला. तासभर बसला. मग एका मटाटू मिनीबसमध्ये चढून गेला. परत येणार नाही, असं तो म्हणाला नाही.

वर सिफा जमिनीवर बसून चपाती खात होती. अपोंडी उभीच होती.

"माझं नाव कुठे कुठे आहे?" तिने विचारलं.

क्यालोने मोजलं. टॅबलेटवर. सर्व्हरवर. रोज निघणाऱ्या प्रतींमध्ये. निरोप पाठवणाऱ्या कंपनीकडे. त्याच्या लॅपटॉपवर. "पाच ठिकाणी. कंपनीकडचं सोडून चारांतलं आत्ता पुसतो."

"त्याने वाचलं ते?"

खरं तर क्यालोला सांगायचं होतं की माहिती कुठूनही फुटली नव्हती, कोणी काही चोरलं नव्हतं, लिहिलं होतं तसंच प्रत्येक ओळीने काम केलं होतं. त्याने वाक्याला सुरुवात केली आणि ते सोडून दिलं.

"शिलाईचं मशीन घेऊन उद्या निघते," ती म्हणाली. "सकाळी सगळे चर्चला गेले की."

संध्याकाळी तो म्झेंजवळ स्टुलावर जाऊन बसला.

"म्झे, तुम्ही कोणाकोणासाठी खोटं बोलता?"

"मोजलं नाही."

"पण ठरवता कसं? काही नियम असेल ना."

"माणूस कसा उभा राहतो ते बघायचं. हा फाटकाकडे बघत नव्हता, खिडक्यांकडे बघत होता."

"पार्सलवालाही खिडक्यांकडे बघतो."

"तो वेगळा बघतो."

"वेगळा म्हणजे कसा?"

"इंजिनिअर, चहा घे."

"गेल्या वर्षी माझ्या भावाला तुम्ही परत पाठवलंत. क्यालो इथे राहतच नाही म्हणालात."

"तो पोलिसासारखा उभा होता."

"तो दातांचा डॉक्टर आहे."

"असेल," म्झे म्हणाले. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

क्यालोने चहा घेतला. हे कसं लिहायचं, याचा तो खरोखरच विचार करत होता. प्रोग्राम माणूस बघत नाही, सगळ्यांना सारखं उत्तर देतो, हीच त्याला त्याची सचोटी वाटत आली होती. उद्या नावं लपवली, तर आजोबांकडे आलेला एखादा नातू फाटकावरूनच परत जाईल. म्झेंवर सोडलं, तर म्झेंचे डोळे हाच नियम, आणि ते डोळे दंतवैद्याला पोलीस समजतात. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी त्याला एकही ओळ सुचेना.

टॅबलेट बंद करू या, असं त्याने मॅडम गथोनींना सांगून पाहिलं.

"तो लावल्यापासून एकही सिलिंडर गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "बंद कशाला? तिचं नाव काढ."

"आणि पुढच्या बाईचं?"

"ती आली की बघू."

"ती आली हे आपल्याला कळणार कसं?"

"तुला हिचं कळलं होतं का?" मॅडमनी विचारलं आणि भाजी चिरायला घेतली.

रविवारी नऊ वाजता पिकअप आली. क्यालोने शिलाई मशीन खाली आणलं, गादी आणली, गणवेशांची तीन गाठोडी आणली. अपोंडीने सिफाला पुढच्या सीटवर बसवलं आणि क्यालोचे आभार मानले, ओझं उचलणाऱ्या कुठल्याही शेजाऱ्याचे मानतात तसे.

"कुठे जायचं, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"जरा थांब," ती म्हणाली.

ती क्यालोकडे बघत होती. कशासाठी थांबलीये ते कळायला त्याला क्षणभर लागला. तो मान हलवून आत गेला.

त्याच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मटाटूच्या थांब्यापर्यंतचा रस्ता दिसत असे. गाडी डावीकडे वळली की उजवीकडे, तेही दिसलं असतं. तो तिसऱ्या मजल्यावरच थांबला. तिथे जिन्याला खिडकी नव्हती. आपण हे तिच्यासाठी करतोय की पुन्हा कोणी विचारलं तर आपल्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून, हे त्याला ठरवता येईना. खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज विरल्यावरही क्यालो बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता.