नदी नेसलेली बाई

मी एक जुने पिंप आहे, मित्रांनो. आज पोर्तोप्रिन्स या राजधानीतल्या एका गॅलरीत 'नदी नेसलेली बाई' म्हणून पांढऱ्या भिंतीवर टांगलेले असले, तरी माझा जन्म तेल वाहण्यासाठी झाला. बंदरावर रिकामे झाले आणि भंगाराच्या हातगाडीवरून क्रुआ-दे-बुके गावात, एलिफेत नावाच्या कारागिराच्या अंगणात येऊन पडले. पिंपांचे पत्रे ठोकून चित्रे घडवणाऱ्या त्या गावात दिवसभर हातोडे चालतात. आवाज थांबला तरच लोक दचकतात.

एलिफेतने माझ्या पोटात उसाचे पाचट भरून पेटवले. रंग, तेल, सगळे जळून गेले. मग मला उभे चिरले आणि तो माझ्यावर नाचला, खरोखर नाचला, तेव्हा कुठे मी सपाट झाले. पुढचे काम त्याच्या मुलीचे, रोझमेनचे. ती राजधानीतल्या शाळेत शिकवायची आणि दर रविवारी येऊन पत्र्यावर खडूने चित्र काढायची. बाप त्या रेघेवरून छिन्नी चालवायचा. काम संपले की खडू तेलाच्या फडक्याने पुसला जाई आणि कोपऱ्यात नाव कोरले जाई, छिन्नी धरणाऱ्याचे. गावाची रीतच तशी. आणि बाईच्या हाती तिथे छिन्नी कोणी देत नाही.

शेवटचा रविवार अगदी साधा होता. एलिफेत माझ्या कोपऱ्यात आपले नाव कोरत होता. शेजारचा कारागीर ब्रूनेल कुंपणावरून ओरडला, "काय गं मास्तरीणबाई, पोरीची रेघ आणि बापाची सही?"

"तुम्ही आधी तुमचे पत्र्याचे कोंबडे सुधारा, ब्रूनेलकाका. गिऱ्हाईक बदक म्हणून नेतंय."

एलिफेत हसता हसता खोकला. मग छिन्नी खाली न ठेवताच म्हणाला, "या वेळी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला सांगून टाकतो सगळ्यांना. चित्रं हिची म्हणून."

"राहू दे हो, पपा. मला काय करायचंय नाव घेऊन?"

"बघ हं. नंतर म्हणशील."

"नाही म्हणत. भाकरी खा, गार होतेय."

ती दर वेळी हेच म्हणायची आणि तो दर वेळी सुटल्यासारखा भाकरीकडे वळायचा. कसावाच्या कंदाची भाकरी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी दोघांनी एकाच ताटात खाल्ली. मंगळवारी सकाळी एलिफेत उठलाच नाही.

प्रदर्शन ठरल्या दिवशीच झाले. त्याच्या फोटोला काळी फीत होती. 'घंटा गिळलेला मासा' लोकांना आवडला, 'छत्रीतले कोंबडे' पाहून मुले हसली. पण गर्दी थांबली ती माझ्यापुढे. बाईच्या केसांतून निघालेली एक रेघ कुठेही न तुटता तिच्या पदराची नदी होते.

"ही रेघ बघा!" गॅलरीच्या मालकीण मादाम सेव्हरीन म्हणाल्या. "एलिफेतच्या हाताला देवाचंच देणं." मग रोझमेनकडे वळून त्यांनी गोड आवाजात विचारले, "तुम्ही काही करता का?"

"शाळेत शिकवते."

"छान. घरात कोणीतरी शिकलं म्हणायचं."

उसना कोट घालून आलेला ब्रूनेल तिच्या कानाशी कुजबुजला, "अगं, सांग ना."

"मेलेल्या माणसाच्या हातून काय हिसकावू, काका?"

"मग त्यानं जन्मभर काय केलं?"

माझ्या कोपऱ्यातल्या नावावरून तिने बोट फिरवले. ते रागाने की दुःखाने, हे मला पत्र्याला कळले नाही; बहुधा तिलाही कळत नसावे.

मित्रांनो, मला गंज चढू नये म्हणून इथे वार्निश देतात, नीट पुसतात. माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एवढेच करा: घरातले कोणी "राहू दे" म्हणाले, तर लगेच भाकरीकडे वळू नका. पुन्हा एकदा विचारा.

त्या दिवशी प्रदर्शनात माझ्यावरचे बोट उचलून रोझमेनने बापाच्या फोटोकडे पाहिले.

"मला हवं होतं, पपा," ती मोठ्याने म्हणाली. गप्पा थांबल्या, माणसे वळली. तिने आवाज खाली आणला नाही. "माझं नाव मला हवं होतं."