मंगळवारबाईंचा बाक

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, बागेतला तर नव्हेच. बागेतल्या बाकांना प्रेमी जीव लाभतात, माझ्या वाट्याला आले अर्जदार. स्वच्छता व पर्यावरण खात्याच्या कचेरीत, साहेबांच्या दाराबाहेर, मी तेवीस वर्षं उभा आहे.

जन्मही याच आवारातला. साहेबांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून इथलं जुनं झाड तोडलं. मग गाड्या उन्हात तापतात म्हणून वर पत्रे टाकले. त्या झाडाच्या खोडातून सुताराने मला घडवलं. समोरच्या भिंतीवर 'झाडे जगवा' असं लिहिलेलं चित्र आहे. आम्ही रोज एकमेकांकडे बघतो. बोलणं होत नाही.

मंगळवारी अकरा ते एक ही साहेबांची लोकांना भेटायची वेळ. अशाच एका मंगळवारी ती आली. चाळिशीची, किरकोळ अंगाची, हातात अर्ज, काखेत पिशवी. शिवणकाम करणारी बाई होती.

"काय काम?" शिपायाने विचारलं.

"आमच्या वस्तीमागे शहराचा कचरा टाकतात आणि जाळतात. पोरं खोकून बेजार झालीत. ओला-सुका वेगळा करा, जाळू नका, एवढंच सांगायचंय."

"साहेब दौऱ्यावर आहेत."

"मग बसते."

आणि बसली. पिशवीतून सदरा काढून काजं करू लागली. एक वाजेपर्यंत तीन सदरे झाले, साहेब काही आले नाहीत. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. महिने गेले, मग वर्षं गेली. शिपाई तिला 'मंगळवारबाई' म्हणू लागला. आधी चिडून, मग सवयीने, आणि तिने त्याच्या गणवेशाचं तुटलेलं बटण लावून दिल्यापासून आदराने.

गंमत म्हणजे तिचा नवरा याच खात्याच्या कचरागाडीवर चालक. एकदा ती विसरलेला डबा द्यायला आला आणि माझ्या टोकाला अवघडून टेकला.

"मी सहा दिवस टाकतो आणि तू येतेस उचला म्हणायला," तो पुटपुटला.

"तुमच्यावर कुठे राग आहे माझा?"

"नोकरी गेली म्हणजे कळेल."

"गेली तर काजं करायला शिकवीन तुम्हाला."

तो हसला नाही. डबा ठेवून निघून गेला.

साहेब बदलत राहिले. एकाने अर्ज तीन प्रतींत मागितला. दुसऱ्याने तिला एक रोप भेट दिलं आणि विषय संपला असं मानलं. तिसरा म्हणाला, "कचरा कुठेतरी टाकावाच लागणार ना, बाई?"

"हो साहेब. पण 'कुठेतरी' म्हणजे दरवेळी आमच्याच उशाशी का?"

तो साहेब विचारात पडला, आणि त्याची बदली झाली. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

चौथ्याने पर्यावरण सप्ताहाचं निमित्त करून माझ्यावर कुंड्या मांडल्या. कोणी बसूच नये, हा खरा हेतू. तिने एकेक कुंडी खाली ठेवली, झाडांना पाणी घातलं आणि बसली. सप्ताह संपल्यावर त्यांना पाणी घालणारी ती एकटीच उरली.

अकराव्या वर्षी निवडणूक तोंडावर आली आणि वस्तीतल्या धुराचा फोटो पेपरात झळकला. आठवड्यात हुकूम निघाला: कचरा तिथून हलवा. शेजारीपाजारी नाचत कचेरीत आले. साहेबांनी तिला प्लॅस्टिकात गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला. फोटोसाठी आठजण माझ्यावर बसले आणि माझा एक पाय तडकला.

गर्दी ओसरल्यावर तिने शिपायाला विचारलं, "कचरा नेणार कुठे?"

शिपाई फरशीकडे बघू लागला. "पुलापलीकडे. जागा रिकामी आहे."

"तिथं माणसं राहतात."

"कागदावर नाहीत, बाई."

तिला न्यायला आलेला नवरा म्हणाला, "आपलं झालं ना? आता तरी मंगळवारी घरी राहा." मागे थांबलेली शेजारीण तर स्पष्टच बोलली, "तू पुन्हा तोंड उघडलंस तर तो कचरा परत आपल्या दारात आणतील. मग आमच्याशी बोलू नकोस." बाईने पुष्पगुच्छ माझ्यावर ठेवला आणि गेली. चष्मा जाड झाला होता, चाल मंदावली होती. मला वाटलं, संपलं.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. शिपाई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. साडेअकराला ती आली. सोबत पुलापलीकडची एक तरुण बाई, कडेवर मूल. नव्या अर्जाला नकाशा जोडलेला होता: कुठली गाडी, किती वाजता, कुठे रिकामी होते.

"हा कुणी काढला?" शिपायाने हळूच विचारलं.

"घरातल्यांनी. नाव घालू नकोस म्हणालेत."

साहेब बाहेर आले आणि तिला पाहून वैतागले. "बाई, तुमचं काम झालं ना!"

"जाळू नका म्हटलं होतं, साहेब. दुसऱ्याच्या दारात जाळा, असं नव्हतं म्हटलं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पुढच्या मंगळवारी बघू."

ह्याला दोन वर्षं झाली. वस्तीने तिच्याकडे शिवण टाकणं बंद केलंय. पिशवीत आता एखादाच सदरा असतो. तो ती त्या तरुण बाईच्या हातात देते आणि काजं करायला शिकवते. गेल्या महिन्यापासून पुलापलीकडून आणखी तिघी यायला लागल्यात. त्या सरकून सरकून माझ्यावर मावतात.

माझा तडकलेला पाय तारेने बांधलाय. खात्याने तीन लोखंडी खुर्च्या मागवल्यात, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी हात असलेल्या. कुणाला सरकून जागा देता येऊ नये, अशी त्यांची घडण. मला मोडीत काढायचा कागद तयार आहे, सही तेवढी बाकी आहे.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाकूड कधीतरी झिजणारच. नेणाऱ्यांना फक्त एक विनंती आहे: मंगळवारी येऊ नका. बुधवारी या. बुधवारी मी मोकळा असतो.