खाणीच्या रस्त्याचे टायर

टायरच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस स्वतःबद्दल थापा मारतो, हे ताईला एकवीस वर्षांत तोंडपाठ झालं होतं. आणि थापा तरी कशा, अगदी लोणकढी! जन्मात कधी डांबर न सोडलेला माणूस दुकानात पाय टाकताच म्हणणार, "आपलं काय, सगळं डोंगरातलंच फिरणं. चांगले दणकट काढा." ताई त्याला खुर्ची द्यायची आणि विचारायची, "शंभर किलोमीटरांत डांबर किती, दगड किती? खरं सांगा. माझ्याशी खोटं बोललात तर डिझेल तुमचंच जास्त जळणार आहे." माणूस मग घसा खाकरायचा आणि नव्वद-दहावर यायचा. नव्वद-दहावाल्याला जाड खाचांचे टायर दिले की ते डांबरावर दिवसभर घूं घूं करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. दगडात जाणाऱ्याला डांबरी टायर दिले तर महिन्याभरात बाजू फाटून तो स्टेपनीवर परत येतो. एवढं साधं गणित, पण लोकांना स्वतःचा रस्ता कबूल करायचा म्हणजे जिवावर येतं!

एकाच गिऱ्हाइकाला तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ते गिऱ्हाईक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, अर्धी मिशी पिकलेली, तरी घरात नाव अजून बाळच. बाळची फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन सहा दिवस गावातल्या दुकानांना औषधं पोचवायची आणि रविवारी आईकडे जायची. आई राहायची वर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या वसाहतीत. वडील तिथे मुकादम होते. खाण बंद झाली, वडील गेले, शेजारीपाजारी एकेक करून खाली उतरले. आई काही हलली नाही. डांबर संपल्यावर तिच्या दारापर्यंत अकरा किलोमीटर चढ, आणि सगळा दगडाच्या कपच्यांचा, सुरीसारख्या धारेच्या.

पाच वर्षांपूर्वी ताई आईला खाली आणायला गेली होती. दोन तास समजावलं, रडून झालं, ओरडून झालं. शेवटी आईने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि म्हणाली, "मला तुझ्या दुकानामागच्या खोलीत बसून टायर मोजायचे नाहीत." ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग बस इथेच!" म्हणून ती जी उतरली, ती पुन्हा चढली नाही. आधी राग होता, मग दुकान होतं, मग गुडघे. मधूनमधून फोन करायची. दर दोन वर्षांनी बाळच्या व्हॅनला नवे कोरे, जाड बाजूचे टायर मात्र स्वतः निवडून बसवायची. कुणी आईबद्दल विचारलं की म्हणायची, "मला कुठं जमतंय? पण माझे टायर जातात ना दर रविवारी!" हे वाक्य तिला फार आवडायचं. लोकांनाही आवडायचं.

त्या दिवशी सकाळी बाळ व्हॅन घेऊन आला.

"ताई, पार गुळगुळीत झालेत गं. वरचा रस्ता म्हणजे टायरचा काळ आहे नुसता."

"आई कशी आहे?"

"ठणठणीत! मलाच दटावते. या वेळी आणखी जाड बाजूचे बघ, काय? त्या कपच्या मेल्या कापून काढतात." आणि तो शेजारच्या सलूनमध्ये दाढी करायला गेला.

मिस्त्रींनी व्हॅन जॅकवर घेतली. मिस्त्री दुकान उघडलं तेव्हापासूनचे, मोजून मापून बोलणारे. पहिलं चाक उतरवून त्यांनी ते आडवं केलं, त्यावर हात फिरवला आणि नुसतेच उभे राहिले.

"ताई, जरा इकडे या."

"काय झालं?"

"काही नाही. बघा तुम्हीच."

ताईने वाकून पाहिलं. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक रबरी केस असतात. रस्त्यावर टेकणाऱ्या भागावरचे आठवड्यात झडून जातात. बाजूचे केस मात्र डांबरावर वर्षानुवर्षं टिकतात, कारण तिथे काही घासतच नाही. दगडात एकदा गाडी घाला, एकदाच, की कपच्या ते साफ तासून नेतात. या टायरच्या बाजूंना केस जसेच्या तसे होते. ओळीने उभे, धूळ खाल्लेले. बाजूवर एक ओरखडा नाही. खाचांमध्ये एक खडा अडकलेला नाही. नक्षी झिजली होती ती सरळ मधोमध, भरपूर हवा भरून गुळगुळीत रस्त्यावर पळवल्यासारखी.

"दुसरं काढा," ती म्हणाली.

दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथ्याच्या बाजूवर तिने स्वतः अंगठा घासला, केस वाकले आणि पुन्हा उभे राहिले. स्टेपनी खाली उतरवली तर तिच्यावरच्या कागदी लेबलचा कोपरासुद्धा सुटला नव्हता. दोन वर्षांत खाणीच्या रस्त्यावर एक पंक्चर नाही! अहो, देव जरी त्या रस्त्याने गेला असता तरी त्याचं एखादं पंक्चर झालं असतं.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आपण नाही काही पाहिलं."

"गप्प बसा हो तुम्ही," ताई म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं. तिचे हात काळे झाले होते. तिने तसाच फोन लावला.

"आई, रविवारी बाळ आला होता का?"

"आला होता की! पोटभर जेवला, झोपला, मग गेला. का गं?"

"काय आणलं होतं?"

"सगळं आणतो तो. औषधं, साखर, साबण. फार करतो बिचारा."

"आई, त्याच्या टायरला एक ओरखडा नाही."

पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"तू आता टायर बघून माणसं ओळखणार होय?" आई म्हणाली.

"तेच तर ओळखता येतं मला. किती दिवस झाले?"

"हे टायर मी पाहिलेच नाहीत," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं म्हणाली. "त्याने फोनवर सांगितलं, ताईने मजबूत टायर दिलेत, आता दर रविवारी येतो बघ. मग नाही जमलं त्याला."

"दोन वर्षं? आणि तू मला दर वेळी सांगतेस आला, जेवला, झोपला? औषधं कोण आणतं तुझी?"

"वळणावरचा मेंढपाळ देतो आणून. चांगला आहे. पैसे पण घेत नाही कधी कधी."

परक्या माणसाने, मेंढरं सांभाळता सांभाळता, तिच्या आईची रक्तदाबाची गोळी वाहून न्यायची! तिने दातओठ खाल्ले. "थांब तू. आत्ताच्या आत्ता त्याची चांगली हजेरी घेते. लाज नाही वाटत मेल्याला? चौघांत सांगत फिरतो—"

"त्याला एक अक्षर बोलायचं नाही," आई म्हणाली. "तो निदान येतो म्हणतो. तू तर तेही म्हणत नाहीस."

एवढं बोलून आईने विचारलं, जावयांचा खोकला बरा आहे का. ताईने सांगितलं, बरा आहे. फोन ठेवला.

खोलीत कोनाड्यात हात धुवायची पावडर होती. ताईने हात धुतले, पुन्हा धुतले. तिला बाळचा राग यावा म्हणून तिने फार प्रयत्न केला. आला नाही असं नाही, पण तो धड कुणावर जाऊन बसेना. ती बाहेर आली तेव्हा बाळ तुकतुकीत गाल घेऊन काउंटरशी उभा होता आणि उतरवलेल्या टायरांकडे बघत होता. टायर बाजू वर करून ओळीने मांडलेले. त्याने ताईकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मिस्त्री रॅकपाशी गेले. "कुठले काढू?" त्यांनी विचारलं. "डांबरी काढतो. हलके आहेत, आवाज नाही करायचे. यांच्या कामाला तेच बरे."

बाळने एक बोट मिशीवर फिरवलं. ताईच्या जिभेवर सगळं आलं होतं, अगदी शब्द जुळवून आलं होतं. पण ते बोललं की बाळ काय म्हणणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणणार, मग तू जा. व्हॅनची किल्ली काउंटरवर ठेवणार आणि म्हणणार, घे, रविवारी तू जा. आणि तिला जावं लागणार. त्या अकरा किलोमीटरांच्या शेवटी दार उघडणार, आणि आई पाच वर्षांनी तिला बघणार.

"जाड बाजूचे लावा," ती म्हणाली.

"ताई, पण—"

"खाणीच्या रस्त्यावर जाते गाडी. माहीत नाही तुम्हाला? सगळ्यात जाड जे आहेत ते लावा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग ते निमूटपणे टायर काढू लागले. चारही जुने त्यांनी स्वतःच उचलून मागच्या ढिगात नेऊन टाकले, बाजू खाली करून.

बाळचा श्वास सुटला तो सगळ्या दुकानाला ऐकू गेला. "या रविवारी जातोच वर," तो म्हणाला. "तुझी शपथ."

"जा. चढाच्या आधी हवा कमी कर, दगडात कमीच लागते."

"करतो ना. नेहमीच करतो."

बॅलन्सिंग झालं, नट आवळून झाले. नव्या टायरवर व्हॅन घूं घूं करत रस्त्याला लागली आणि औषधांच्या दुकानांच्या दिशेने वळली. मिस्त्री जेवायचा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. एरवी ते आत, तिच्या समोर बसून जेवत.

ताईने पुन्हा फोन लावला.

"आई, टायर बसवले. रविवारी येतोय तो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली. "किती वाजता येईल गं?"

"अकरा वाजता," ताई म्हणाली.